रात्री किती माणसं असतात?

गगनबावडा तालुक्यातली तरुण मुलं कामासाठी कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठतात. घरी म्हातारी माणसं राहतात. अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांसाठी मग पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात वृद्धाश्रम शोधला जातो. तिथं इमारत, बाग, जेवण पाहिलं जातं. रात्रपाळीला किती मावश्या असतात, हे क्वचितच कुणी विचारतं.

साधा हिशेब करा. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात. असे दहाजण आणि प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर एका मावशीची १२० पैकी १०० मिनिटं त्यातच जातात. उरलेल्या वीस मिनिटांत संडास, औषधं, पाणी. मग डायपर तासन्‌तास बदलला जात नाही. सारखं उठवावं लागू नये म्हणून पाणीच कमी दिलं जातं. त्यातून लघवीचा संसर्ग, आणि म्हातारपणी त्याचं पहिलं लक्षण कधीकधी अचानक बरळणं हेच असतं. हाक मारून कुणी येत नाही, तेव्हा माणूस स्वतः उठतो, पडतो, खुब्याचं हाड मोडतं. दोष मावशीचा नव्हे, तिला एकटीला ठेवणाऱ्याचा.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. किती जणांमागे किती सेवक, हा आकडा मात्र त्यात नाही. अमेरिकेनं २०२४ मध्ये वृद्धांच्या नर्सिंग होममधल्या प्रत्येकामागे दिवसाला ३.४८ तास शुश्रूषेचा नियम केला. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयानं तो रद्द ठरवला.

म्हणून प्रवेश घेण्याआधी एकदा रात्री नऊनंतर जाऊन या, आणि नंतर भेटीला गेल्यावर आई-वडिलांची पाठ तपासायला संकोचू नका.