तिकीट नाही, आमंत्रण नाही! ब्राझीलच्या रस्त्यावरचे सण

मैत्रिणींनो, सणाच्या दिवशी आपण कुठे असतो, ते सांगायला नकोच. बाहेर मंडळी हसतखेळत जेवताहेत आणि आपण ओट्यापाशी! दारावरून मिरवणूक गेली, तरी ती खिडकीतून पाहायची. म्हणूनच आज तुम्हांला ब्राझीलची गोष्ट सांगावीशी वाटते. तिथले किती तरी सण रस्त्यावरच होतात, त्यांना तिकीट नसतं, आणि ते उभे करण्यात बायकांचा वाटा फार मोठा आहे.

कार्निव्हल म्हटलं की पिसांचे मुकुट आणि रिओचं भव्य संचलन आठवतं. ते पाहायला पैसे पडतात, हे खरं. पण त्याच दिवसांत गल्लीबोळांतून 'ब्लोको' निघतात. पुढे वादकांचा ताफा आणि मागे नाचत जाणारी सारी वस्ती! आजीबाईंपासून नातवंडांपर्यंत कुणीही सामील व्हावं. हा सण पोर्तुगीजांबरोबर तिथे गेला. पूर्वी त्याला 'एन्त्रूदो' म्हणत. लोक एकमेकांवर पाणी अन् पीठ उडवीत. मेणाची पोकळ लिंबं करून त्यांत सुगंधी पाणी भरण्याचं काम बायका घरी करीत. थेट आपली रंगपंचमी, नाही का? गोव्याच्या मैत्रिणींनी तर ओळखलंच असेल. त्यांचा 'इंत्रूज' तो हाच.

वाट सोडा!

कार्निव्हलसाठी म्हणून रचलेलं पहिलं गाणं एका बाईचं मानतात. तिचं नाव शिकीन्या गोंझागा (१८४७-१९३५). सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवऱ्याला तिचं पियानो वाजवणं खपेना. अखेर तिनं घर सोडलं. माहेरचं दार बंद झालं, मुलांची ताटातूट झाली, थोरला तेवढा जवळ राहिला. पियानोच्या शिकवण्या करून तिनं पोट भरलं. १८८५ साली स्वतःच्या संगीतिकेचा वाद्यवृंद तिनं स्वतः चालवला. ब्राझीलमध्ये त्यापूर्वी कुणा बाईनं हे केलं नव्हतं. १८९९ मधलं तिचं ते गाणं 'ओ आब्रे आलास' म्हणजे 'वाट सोडा!' आज तिचा जन्मदिवस, १७ ऑक्टोबर, ब्राझीलच्या लोकप्रिय संगीताचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. पण त्यासाठी तिला काय किंमत मोजावी लागली, ते आपल्यासारखीलाच कळेल.

मावशीच्या परसात

दुसरी सियाता मावशी. बाहिया प्रांतातून रिओला आलेली ही कृष्णवर्णी बाई रस्त्यावर मिठाई विकायची. गुलामगिरी १८८८ साली कायद्यानं संपली, पण काळ्या माणसांच्या ढोल-नाचाकडे पोलीस संशयानंच पाहत. तेव्हा मावशीनं आपलं घर गाणाऱ्यांना उघडं ठेवलं. तिच्याकडे खाणंपिणं असे आणि रात्र रात्र गाणं चाले. सांबा संगीत तिथेच आकाराला आलं. तिच्यासारख्या बायकांची आठवण म्हणून रिओच्या मोठ्या संचलनात प्रत्येक सांबा मंडळाला 'बायाना' बायकांची तुकडी ठेवावीच लागते. पुष्कळशा वयस्क असतात. घेरदार झगे घालून गरागरा फिरतात. म्हातारपणी कोपऱ्यात बसायचं, असं तिथे नाही बरं का!

साल्वादोर शहरात जानेवारीत बोनफिमच्या चर्चचा उत्सव होतो. पांढरीशुभ्र वस्त्रं ल्यालेल्या बायना फुलांचे अन् सुगंधी पाण्याचे घट घेऊन आठएक किलोमीटर चालतात आणि चर्चच्या पायऱ्या धुतात. सडा-संमार्जन आपण रोजच करतो, पण तिथे त्या कामाचीच मिरवणूक होते आणि सारं शहर मागून चालतं.

एक चित्रपट जरूर पाहा

साओ पाउलो शहरात २००५ पासून दरवर्षी चोवीस तासांचा सांस्कृतिक महोत्सव होतो. गाणी, नाटकं, चित्रपट, सगळं फुकट. आपल्याला तिथे जाणं कुठलं! पण 'आय एम स्टिल हिअर' (२०२४) हा चित्रपट घरी पाहता येईल. ही युनिसे पायव्हा या बाईंची खरी कहाणी आहे. १९७१ साली लष्करी राजवटीत त्यांच्या नवऱ्याला घरातून नेलं, ते परतलेच नाहीत. पदरी पाच मुलं. बाई चाळिशी उलटल्यावर कायदा शिकल्या, वकील झाल्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळाला तो १९९६ साली! पंचवीस वर्षं त्या थांबल्या, पण हटल्या नाहीत. तरुण युनिसे झाली आहे फेर्नांदा तोरेस आणि वृद्ध युनिसे तिची खरीखुरी आई, फेर्नांदा मोंतेनेग्रो. २०२५ साली या चित्रपटानं ब्राझीलला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं.

आणि आता तोंड गोड!

ब्राझीलमध्ये वाढदिवसाला 'ब्रिगादेइरू' हवाच. असं सांगतात की, १९४५ च्या निवडणुकीत एका ब्रिगेडियर उमेदवारासाठी बायकांनी हे गोळे करून विकले. बायकांना मत मिळून तेव्हा तेराच वर्षं झाली होती. उमेदवार पडला, मिठाई मात्र टिकली!

कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (सुमारे ४०० ग्रॅम), ३ मोठे चमचे कोको आणि १ मोठा चमचा लोणी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर सतत ढवळा. दहाएक मिनिटांत मिश्रण कडा सोडू लागलं की ताटात ओता. निवल्यावर हाताला लोणी लावून सुपारीएवढे गोळे वळा आणि चॉकलेटच्या शेवेत किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा.

पुढच्या सणाला आपल्या चाळीत किंवा सोसायटीत असं काही करून पाहा. वर्गणी नको, प्रत्येक घरचा एकेक पदार्थ अंगणात आणा, आणि वाढायचं काम पुरुषमंडळींकडे द्या. आपण त्या दिवशी खिडकीत नाही, मिरवणुकीत!