दुखणे जुने, जखम कामावरची

दिवाळी आटोपली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवरून माणसांनी भरलेले ट्रक निघू लागतात. बरेचसे दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्याकडे जातात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. या ट्रकमध्ये बसणाऱ्या काहींच्या रक्तात सिकलसेल असतो. मुकादमाला ते सांगायची सोय नसते, कारण आजारी माणसाला उचल कोण देणार?

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची वस्त्यांना हा आजार नवा नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलते, बिघाड एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच संपते. रक्त अडले की पुढच्या हाडाला, स्नायूला प्राणवायू मिळत नाही. त्यातून जी कळ उठते, ती अनेकदा इंजेक्शनाशिवाय थांबत नाही. आईवडील दोघांकडून दोष आलेल्यालाच हा त्रास होतो. एकाकडूनच आलेला वाहक बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

कळ उठायला निमित्त लागते, आणि ऊसतोडीत निमित्तांची कमतरता नाही. पहाटेचा गारठा, दुपारचे ऊन, अपुरे पाणी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळांचे प्रमाण कमी होते, पण ती रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. पाच-सहा महिने शेताच्या कडेला झोपडी टाकून राहणाऱ्याची गोळी इथेच खंडित होते.

आता समजा, तिशीतला एक तोडणी कामगार मोळीसकट फळीवरून घसरला. खुबा दुखावला. आठवड्याने सूज उतरली, दुखणे राहिले. चार महिन्यांनी त्याला मांडी घालून बसता येईना. सिकलसेलच्या रुग्णात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच नाजूक असतो आणि हाडाचा गोळा हळूहळू मरू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत हे दिसत नाही, एमआरआय लागतो. भरपाईचा विषय निघाला की समोरून उत्तर येते, ‘हा तुझा जुनाच आजार.’

कायदा मात्र इतका सरळ हात झटकू देत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची चौकट आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. कामातून आणि काम चालू असताना घडलेल्या अपघाताने इजा झाली, तर मालक भरपाईला बांधील, हे त्याचे मूळ सूत्र. व्यावसायिक आजारांच्या यादीत सिलिकोसिस, शिशाची विषबाधा आहे. सिकलसेल नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही, कारण तो कामामुळे होत नाही. म्हणून नुसत्या कळांसाठी दावा टिकणे अवघड. पण आधीचा आजार होता, एवढ्यावरच अपघाताचा दावा बाद होत नाही. अपघाताने किंवा कामाच्या ताणाने तो बळावला, हे दाखवावे लागते. हे दाखवण्याचे ओझे कामगारावर असते आणि बहुतेक दावे इथेच अडतात.

म्हणून पहिल्या दिवसाचा केसपेपर फार मोलाचा. ‘पडल्याने खुबा दुखतो’ आणि ‘ऊस भरताना फळीवरून पडल्याने खुबा दुखतो’ या दोन ओळींत काही लाखांचा फरक पडू शकतो. डॉक्टर घाईत असतात, रुग्ण पावरी किंवा भिली बोलतो, समोरचा गुजराती. तरीही तारीख, ठिकाण आणि काय काम चालले होते, हे लिहून घेण्याचा आग्रह धरायलाच हवा. सिकलसेल लपवण्यातही शहाणपण नाही. तो लपवून ठेवला आणि पुढे तपासणीत निघाला, तर खऱ्या अपघातावरही संशय येतो.

रक्कम कशी ठरते, तेही पाहू. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. वेतन १२,००० धरले तर ही रक्कम १४,९७,४५६ रुपये होते. कमाईची क्षमता २० टक्के गेली असे डॉक्टरांनी ठरवले, तर हातात सुमारे २ लाख ९९ हजार. २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबात १५,००० पर्यंतचेच वेतन धरले जाते. मुकादमाच्या वहीखेरीज वेतनाचा पुरावा नसतो, म्हणून त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा.

इथे टक्के अवयवाचे नसतात, कमाईचे असतात. डावा हात गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पूर्ण अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. खुबा गेलेला तोडणी कामगार खुर्चीवर बसून काम करू शकेल हे खरे, पण धडगावच्या पाड्यावर खुर्चीतले काम कुठे आहे?

अपंगत्व प्रमाणपत्र ही वेगळी वाट आहे, दोन्हींची गल्लत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ प्रकारांत जागा दिली. वैद्यकीय मंडळाने ४० टक्के किंवा जास्त ठरवले तर योजनांची दारे उघडतात. मात्र त्याच कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकारांना वाटा नाही. आजार मान्य, नोकरी नाही, असा हा न्याय! मंडळाचे प्रमाणपत्र भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून जोडता येते, पण कमाईच्या नुकसानीचे टक्के तिथे स्वतंत्रपणे ठरतात.

दावा गुजरातेत जाऊनच करायचा, हाही एक समज. अपघात जिथे झाला तिथे किंवा कामगार जिथे राहतो तिथे, दोन्हीकडे अर्ज करता येतो. मुकादम गायब झाला तरी ज्याच्यासाठी तोडणी चालली होती, त्या मूळ मालकाला पक्षकार करता येते. भरपाई एका महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज. मुदत अपघातापासून दोन वर्षे. ऊसतोडीच्या हिशेबाने म्हणजे दोन हंगाम, आणि बरेचदा खुब्याचे निदान होईपर्यंत त्यातला एक संपलेला असतो.