प्रौढांमधील गणनअक्षमता

गणनअक्षमता किंवा डिस्कॅल्क्युलिया ही संख्यांचे आकलन, मोजणी व हिशेब यांत बाधा आणणारी विशिष्ट अध्ययन अक्षमता होय. ती मेंदूच्या विकासाशी निगडित असून मंदबुद्धी किंवा आळस यांचे लक्षण नव्हे. स्लोव्हाक मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ मध्ये या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. विविध अभ्यासांनुसार तिचे प्रमाण सुमारे ३ ते ७ टक्के आढळते. वयाबरोबर ती नाहीशी होत नाही. शाळा सुटली तरी संख्या सुटत नाहीत.

दैनंदिन जीवन

सुटे पैसे मोजणे, घड्याळ पाहून निघण्याची वेळ ठरवणे, दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवणे अशा साध्या कामांत या व्यक्ती अडखळतात. रत्नागिरीत हापूस आंब्याचा भाव डझनावर ठरतो आणि माल पेटीने विकला जातो. आंबा पारखण्यात निष्णात असलेली व्यक्तीही पेटीचा हिशेब करताना गोंधळू शकते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. एकादशीस ती सव्वाआठ येते. असे तोंडी गणित जमत नसल्याचे उघड होऊ नये, म्हणून अनेक जण व्यवहारच टाळतात.

मराठी संख्यानामे

मराठीत 'एकवीस' म्हणताना एकक आधी उच्चारला जातो, पण २१ लिहिताना दशक आधी येतो. 'एकोणतीस' या नावात तीस ऐकू येतात, मात्र लिहायचे असतात २९. संख्यानामांची ही काठिण्यपातळी लक्षात घेऊन बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक' अशी वाचनपद्धती दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले होते. भाषेमुळे ही अक्षमता उद्भवत नाही. आधीच असलेली अडचण मात्र वाढू शकते.

कायदेशीर मान्यता

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. त्यांत बीजगणित व भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित घेण्याची मुभा होती. त्यापूर्वी शाळा सोडलेल्यांना हा लाभ मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला बहुधा 'ढ' हे विशेषणच आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतांत डिस्कॅल्क्युलियाचा स्पष्ट उल्लेख आहे.

साहाय्य

ही अवस्था औषधाने बरी होत नाही. गणकयंत्राचा वापर, रक्कम बोलण्याबरोबर लिहून दाखवणे, क्रमांक एकेक अंक सुटा करून सांगणे व हिशेबासाठी घाई न करणे हे उपाय उपयुक्त ठरतात. निदानामुळे अडचण संपत नसली, तरी वर्षानुवर्षांचा स्वतःवरील दोषारोप थांबण्यास मदत होते.