बीम दुप्पट लांब झाला तर

दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला एक आयताकृती बीम आहे. त्याच्यावर बाहेरचं काहीच ओझं नाही. स्वतःच्याच वजनाने तो मध्यभागी किंचित वाकलाय. आता त्याच मालाचा दुसरा बीम घ्या. लांबी दुप्पट, डेप्थ दुप्पट, रुंदी होती तेवढीच. हा पहिल्याच्या किती पट वाकेल?

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी टाकतो. डिफ्लेक्शनचं 5/384 वालं सूत्र पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. त्यात लांबीचा चौथा घात वर असतो, म्हणजे 16 पट. मोमेंट ऑफ इनर्शिया खाली असतो आणि तो डेप्थच्या घनाने वाढतो, म्हणजे 8 पट. सोळाला आठाने भागलं, उत्तर 2. बरीच मंडळी इथे पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघायला लागतात. एखादी मुलगी मात्र अजून कागदावर वाकलेली असते. तिच्या लक्षात आलेलं असतं की डेप्थ दुप्पट झाली तेव्हा बीमचं दर मीटरचं वजनही दुप्पट झालं, आणि इथे ओझं म्हणजे तेच वजन. उत्तर 4.

गेट या परीक्षेच्या तयारीबद्दल मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळं या एका बीममध्ये आहे. चुकलेल्या मुलांना सूत्र येत होतं, पाढे येत होते, हा धडाही त्यांनी वाचलेला होता. तरी दोन गुण गेले. शिवाय पर्यायांमध्ये 2 हा आकडा हमखास असणार, कारण प्रश्न काढणाऱ्याला माणूस कुठे घसरतो ते नेमकं ठाऊक असतं.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अभ्यासाची एक ठरलेली चाल असते. सेमिस्टरभर सबमिशन, जर्नल, ओरल यांतच जीव जातो. मग पीएल म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागते, सिनिअरकडून आलेल्या नोट्सच्या झेरॉक्स निघतात, आणि आठवड्याभरात विषय उरकतो. डेरिव्हेशन लिहा, आकृती काढा, दोन पायऱ्या बरोबर आल्या तरी पदरात काहीतरी पडतं. गेटमध्ये पायऱ्यांना गुण नाहीत. तिथे फक्त उत्तर बघतात, आणि ते बघतो संगणक. नऊ सीजीपीए असलेली मुलं पहिल्या मॉक टेस्टमध्ये शंभरपैकी बावीस-पंचवीसवर येतात तेव्हा घरचे हादरतात. मला त्यात नवल वाटत नाही. तोवर त्यांनी या जातीची परीक्षा दिलेलीच नसते.

तेव्हा आधी पेपरच नीट उलगडून बघू.

बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी, गुवाहाटी या सात आयआयटी मिळून ही परीक्षा घेतात. यजमानपद दरवर्षी त्यांच्यापैकी एका संस्थेकडे जातं. पेपर फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. त्यांतले 10 प्रश्न म्हणजे 15 गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, ते सगळ्या शाखांना असतात: थोडं इंग्रजी, थोडं अंकगणित, थोडी तर्काची कोडी, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसं दिसेल असले प्रश्न. उरलेले 55 प्रश्न शाखेचे, आणि सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशा बहुतेक शाखांमध्ये त्यांतले साधारण 13 गुण इंजिनिअरिंग मॅथ्सचे. अ‍ॅप्टिट्यूड आणि मॅथ्स मिळून 28 गुण झाले. पोरं मात्र या दोन्हींना डिसेंबरपर्यंत हात लावत नाहीत, कारण ‘ते काय, होऊन जाईल’. शाखेचा कुठलाही एक विषय 28 गुणांचा नसतो, एवढं एकदा भिंतीवर लिहून ठेवावं. मराठी माध्यमातून किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांनी इंग्रजीच्या त्या चार-पाच प्रश्नांना घाबरूही नये आणि सोडूनही देऊ नये. रोज वीस मिनिटं जुने प्रश्न सोडवले की दोन-तीन महिन्यांत ते हातात येतात.

प्रश्नांच्या जाती तीन. पहिली नेहमीची: चार पर्याय, एक बरोबर. इथे चुकीला दंड आहे. एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. या दंडाची भीती इतकी असते की शेवटी कोरे सोडलेले प्रश्न मोजले तर डझनभर निघतात. म्हणून हिशेब करून बघा. काहीच माहीत नसताना डोळे मिटून एक पर्याय दाबला तर चारातून एकदा 1 गुण मिळणार, तीनदा 1/3 जाणार. बेरीज शून्य. म्हणजे आंधळा ठोकताळा सरासरीने ना तारतो, ना बुडवतो. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर उरलेल्या तिनांत ठोकण्याची सरासरी कमाई 1/9 गुण. दोन पर्याय उडवता आले तर 1/3 गुण, आणि प्रश्न दोन गुणांचा असेल तर त्याच्या दुप्पट. पर्याय उडवणं हे वेगळं कसब आहे आणि त्याचा सराव करता येतो. एकक जुळत नाही, उत्तर ऋण यायला नको होतं, लांबी शून्य केली तर हे सूत्र भलतंच काही सांगतं, असं बघत गेलं की पूर्ण गणित न सोडवताही एखाद-दोन पर्याय गळतात.

दुसरी जात 2021 पासून आली: चारांपैकी एक किंवा जास्त बरोबर, आणि सगळे बरोबर पर्याय अचूक निवडले तरच गुण. दंड नाही, पण अर्धे गुणही नाहीत. निवडीच्या शक्यता पंधरा असल्याने ठोकताळ्याला इथे फारसा अर्थ उरत नाही. विषयाची नीट समज कुणाला आहे हे या प्रश्नांत उघडं पडतं. माझा स्वतःचा कल यांच्या बाजूने आहे, पोरांचा अर्थातच नाही.

तिसऱ्या जातीत पर्यायच नसतात. पडद्यावरच्या कीपॅडने आकडा भरायचा. दंड नाही, त्यामुळे कोरा सोडण्याचं काही कारण नाही. इथे गुण जातात ते ज्ञानाअभावी कमी आणि हाताच्या सवयींमुळे जास्त. मॅनिंगचं सूत्र घ्या. त्यात हायड्रॉलिक रेडियसचा 2/3 घात असतो. पोरगं दोन तृतीयांशाऐवजी 0.67 दाबतं. रेडियस 0.4 मीटर असेल तर एवढ्याने उत्तर 0.3 टक्के घसरतं. विसर्ग सेकंदाला 50 घनमीटर यायला हवा असेल तर 0.15 चा फरक पडला. उत्तरतालिकेत अशा प्रश्नांना एक मर्यादा दिलेली असते, त्या दोन आकड्यांच्या मधे उत्तर आलं तर गुण. मर्यादा अरुंद असली की तुमचं बरोबर सोडवलेलं गणित बाहेर पडतं. म्हणून मधल्या कुठल्याही पायरीला आकडा गोल करायचा नाही. जे काय छाटायचं ते शेवटी.

यात भर म्हणजे कॅल्क्युलेटर. स्वतःचा आत नेता येत नाही. पडद्यावर एक आभासी सायंटिफिक कॅल्क्युलेटर येतो आणि त्याची बटणं माउसने दाबायची असतात. तीन वर्षं खिशातल्या कॅल्क्युलेटरवर बोटं बसलेली असतात, ती इथे उपयोगाची नाहीत. वर्गमूळ कुठे, घात कसा द्यायचा, अंश-रेडियनची निवड कुठे आहे, हे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी शोधत बसलात तर दहा मिनिटं सहज जातात. तसाच कॅल्क्युलेटर नेटवर फुकट मिळतो. अभ्यासाच्या पहिल्या दिवसापासून तोच वापरावा आणि हातातला कपाटात ठेवावा. हे मी सांगतो तेव्हा मुलं मान डोलावतात आणि जानेवारीपर्यंत ऐकत नाहीत.

आता अभ्यास. अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत छापून घ्यावी आणि तिच्या शेजारी मागच्या दहा-पंधरा वर्षांचे पेपर ठेवावेत. जुने पेपर आणि उत्तरतालिका गेटच्या संकेतस्थळांवर मिळतात. बहुतेकजण आधी विषय ‘संपवतात’ आणि मग जुने पेपर काढतात. माझ्या मते हे उलटं आहे. प्रकरण एकदा वाचून झालं की त्याच संध्याकाळी त्या प्रकरणावरचे जुने प्रश्न सोडवायला बसावं. निम्मे चुकतील. चुकलेला प्रश्न हातात घेऊन पुस्तकाकडे परत गेलं की तेच पान वेगळं दिसतं: हे गृहीतक कशाला आहे, हे सूत्र कुठे लागू होत नाही. जिथे मुळातच गाडी अडली असेल तिथे एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पण व्याख्यान बघणं म्हणजे अभ्यास झाला, असं मनाला पटायला फार सोपं जातं. तासाभराच्या व्याख्यानानंतर दीड तास वही-पेन नसेल, तर तो तास करमणुकीत धरावा.

क्लास लावावा का? लावला तर वेळापत्रक मिळतं आणि चार सोबती मिळतात, एवढा फायदा खरा. पण भरमसाट फी भरून दिवसाचे सहा तास दुसऱ्याला गणितं सोडवताना बघणारी आणि स्वतः एकही न सोडवणारी मुलं मी पाहिली आहेत. गावाकडच्या अभ्यासिकेत बसून निघालेलीही पाहिली आहेत.

एक वही मात्र प्रत्येकाने ठेवावी. नोट्सची नव्हे, चुकांची. चुकलेला प्रश्न दोन ओळींत, आणि खाली चूक नेमकी कोणती: संकल्पनाच कळली नव्हती, सूत्र आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोडीत घसरलो. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायला बंदी. त्या शब्दाखाली काहीही लपतं. एका मुलाने महिन्याभराने वही मोजली तर साठ-सत्तर चुकांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा एककांचा निघाला: मिलिमीटर आणि मीटर, किलोपास्कल आणि मेगापास्कल. त्याला नवं काही शिकायची गरज नव्हती. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची सवय लावली आणि पुढच्या मॉक टेस्टमध्ये गुण वर सरकले. दुसऱ्या एका मुलीच्या वहीत सगळीकडे ‘नॉट’ आणि ‘इनकरेक्ट’ हे शब्द वाचायचे राहून गेलेले. तिच्यासाठी इलाज वेगळा.

मॉक टेस्ट नोव्हेंबरपासून सुरू कराव्यात, आणि पूर्ण तीन तासांच्या. तीन तासांत 100 गुण म्हणजे एका गुणाला 1.8 मिनिटं. दोन गुणांच्या प्रश्नावर सात मिनिटं घालवली तर तुम्ही दुसऱ्या कुणाची तरी मिनिटं खर्च केली. पहिल्या फेरीत बघताक्षणी येणारे प्रश्न, दुसरीत जमतील पण वेळ खातील असे, आणि शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत पर्याय उडवण्याचा उद्योग, अशी चाल बहुतेकांना मानवते. टेस्ट तीन तासांची असेल तर तिचं शवविच्छेदन चार तासांचं हवं. नाहीतर आठवड्याला दोन टेस्ट देऊनही गुण तिथेच राहतात.

निकालात गुणांशेजारी हजारांपैकी एक स्कोअर येतो. तो कसा निघतो हे पोरांना गूढ वाटतं, पण ती एक सरळ रेषा आहे. खुल्या गटाच्या पात्रता-गुणांना 350 स्कोअर. हे पात्रता-गुण म्हणजे 25 किंवा सरासरी अधिक प्रमाण विचलन, यांतलं जे जास्त ते. वरच्या 0.1 टक्के किंवा वरच्या दहा जणांचा, यांतल्या मोठ्या गटाचा सरासरी गुण काढतात, त्याला 900. मधलं सगळं प्रमाणात. समजा पात्रता 28 ला आणि वरची सरासरी 80 ला आहे. 54 गुणांना 625 स्कोअर होईल, 60 गुणांना 688. म्हणजे दोन गुणांचे तीन प्रश्न आणि स्कोअरमध्ये 63 चा फरक. तो आपला बीम यातलाच एक. पेपर दोन सत्रांत झाला असेल तर या आधी गुण सत्रांच्या काठिण्याप्रमाणे जुळवून घेतात.

स्कोअर तीन वर्षं चालतो, पण तो एम.टेक.च्या प्रवेशासाठी. गेटवरून भरती करणाऱ्या बहुतेक सार्वजनिक कंपन्या त्याच वर्षाचा स्कोअर मागतात. तिसऱ्या वर्षालाही परीक्षेला बसता येतं. फीची ओढाताण नसेल तर बसावं, निदान ते सभागृह आणि तो पडदा ओळखीचा होतो.

एम.टेक.ला गेट-पात्र विद्यार्थ्यांना महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. एनआयटींचे प्रवेश सीसीएमटी या सामायिक प्रक्रियेतून होतात. आयआयटींकडे मात्र प्रत्येकीकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यांचे प्रस्ताव सीओएपी या एका खिडकीवर दिसतात. नुसतं सीओएपीवर नाव नोंदवून ‘आता बोलावतील’ म्हणत बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. सीओएपीच्या फेरीत प्रस्ताव आला की तीनच उत्तरं देता येतात: अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट. पहिलं दाबलं की खेळ संपला. दुसऱ्याने हातातली जागा राखून चांगलीची वाट बघता येते. तिसऱ्याने हातातली जागा जाते, आणि ती पुन्हा येत नाही. मुदतीत काहीच दाबलं नाही तर तो नकारच धरतात. तेव्हा त्या आठवड्यात गावाला जायचं असेल तर तिथे नेट चालतं का, हे आधी विचारून घ्यावं.