जमा-नावेपलीकडचा हिशेब : मॅकार्थी यांचे ‘आरईए’ प्रारूप

उधारीवर माल विकला की ती रक्कम ग्राहकाच्या नावे आणि विक्री खात्यात जमा पडते. कोणता माल गेला, तो कोणी विकला, हे तपशील मात्र खतावणीत उरत नाहीत. संगणक आल्यावरही हिशेब याच साच्यात का ठेवावा, हा प्रश्न अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे लेखाशास्त्रज्ञ विल्यम मॅकार्थी यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी राहिला.

पीटर चेन यांचे १९७६ मधील डेटाबेसविषयक प्रारूप त्यांनी १९७९ मध्ये लेखांकनाला लावून पाहिले. १९८२ मध्ये ‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांचे ‘आरईए’ प्रारूप प्रसिद्ध झाले. रिसोर्स, इव्हेंट आणि एजंट, म्हणजे संसाधन, व्यवहाराची घटना आणि त्यात सहभागी व्यक्ती वा संस्था, यांचीच मूळ नोंद ठेवावी, असे ते सांगते. विक्री आणि वसुली या घटना परस्परांशी जोडल्या की येणे बाकी स्वतंत्र लिहावी लागत नाही. एकीतून दुसरी वजा करून ती केव्हाही काढता येते.

जमा-नावेवर वाढलेल्या लेखापालाला हे सहज पटण्यासारखे नव्हतेच. तरीही २००७ मध्ये आयएसओ-आयईसीच्या १५९४४-४ या मानकाने हीच मांडणी आधाराला घेतली. व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये मात्र खतावणीचे स्थान अजून कायम आहे.