घंटेच्या खुणेचें पथिकगृह

लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर, सुमारें ७० मैलांवर, स्टिल्टन हें लहानसें खेडें लागतें. तेथील 'बेल इन' म्हणजे दारावर घंटेची खूण मिरविणारें एक प्राचीन पथिकगृह. आपल्याकडील धर्मशाळेची कल्पना येथें उपयोगी नाहीं. घोडे बदलावे, जेवावें, रात्र काढावी आणि निघतांना पैसे मोजावे, असा हा रोकडा व्यवहार होता.

या पथिकगृहानें एका पदार्थास गांवाचें नांव मिळवून दिलें. तो पदार्थ म्हणजे स्टिल्टन चीज. डॅनियल डीफो याचें ब्रिटनचें प्रवासवर्णन १७२४ ते १७२७ या काळांत निघालें. त्यांत हें गांव चीजविषयीं प्रसिद्ध असल्याचें सांगून, त्यावरील किडे खाण्यासाठीं सोबत चमचा देत, असेंहि त्यानें लिहिलें आहे. शाकाहारी श्रोत्यांनीं एवढें वाक्य सोडून द्यावें!

पुढें कूपर थॉर्नहिल हा येथील मालक झाला. मनुष्य मोठा धडाडीचा. १७४५ सालीं त्यानें पैज मारली कीं, स्टिल्टनहून लंडन, परत स्टिल्टन आणि पुन्हां लंडन, ही दौड १५ तासांत पुरी करीन. ती त्यानें वाटेंत घोडे बदलीत बऱ्याच आधीं पुरी केली. लेस्टरशायरमधील फ्रान्सिस पॉलेट या कुशल गृहिणीकडील चीज तो विकी, असें परंपरा सांगते. गाड्या दारांतूनच जात. त्यामुळें माल थेट लंडनास पोहोंचे, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडीं विक्रीच्या गांवाचेंच नांव बसे. मोका बंदराचें नांव कॉफीस असेंच चिकटलें.

आज हें चीज गाईच्या दुधाचें करतात. त्याचा गोळा दाबीत नाहींत, पाणी आपोआप निथळूं देतात. मग सुयांनीं छिद्रें पाडतात. त्यांतून आंत हवा शिरते व निळी बुरशी शिरांसारखी पसरते.

१८५० च्या सुमारास आगगाडी आली आणि राजमार्ग ओस पडला. चीजची कीर्ति मात्र वाढतच राहिली. १९९६ मध्यें युरोपीय संघानें या नांवास संरक्षण दिलें: डर्बीशायर, लेस्टरशायर व नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांतच केलेल्या चीजला स्टिल्टन म्हणावें. स्टिल्टन गांव पडलें केंब्रिजशायरमध्यें! नियम बदलण्याची मागणी २०१३ सालीं ब्रिटिश सरकारनें नाकारली. कारागिरांच्या दृष्टीनें हा नियम योग्यच; भेसळीस आळा बसतो. परंतु ज्या गांवानें नांव दिलें, त्यानेंच तें आपल्या मालावर लिहूं नये, ही गोष्ट तेथील लोकांस सलते. स्टिल्टनमध्यें मेजावर येणारें स्टिल्टन चीज बाहेरच्याच परगण्यांतून आणावें लागतें.