घट्टे कुठले आणि आर्सेनिकच्या गाठी कुठल्या?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरच्या संत्राबागांत आयुष्यभर फावडं चालवलेल्या माणसाचा तळहात पाहा. घट्टे असतात ते दांडा घासतो तिथेच. पाण्यातल्या आर्सेनिकमुळे येणाऱ्या गाठी अशी जागा पाळत नाहीत. तांदळाच्या कणीएवढ्या, कडक, बोट फिरवलं की खरखरीत लागणाऱ्या या गाठी दोन्ही तळहातांवर आणि तळपायांवर उठतात, काहीच घासत नाही तिथेसुद्धा. सोबत छातीवर, पाठीवर काळे-पांढरे ठिपके येतात. बहुधा दुखत नाही, म्हणून कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

त्वचाच का? आर्सेनिकला गंधकाची ओढ आहे आणि त्वचा, नखं, केस ज्या केराटिनचे बनतात त्यात गंधक भरपूर असतं. पोटात गेलेलं बरंचसं आर्सेनिक यकृतातून रूप बदलून काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. पण रोज तेच पाणी पोटात जात असेल, तर पेशींची दुरुस्ती बिघडत राहते. खुणा दिसायला कित्येक वर्षं लागतात. पुढे त्वचा, फुफ्फुस आणि मूत्राशयाचा कर्करोग, हृदयविकार, मधुमेह.

हे काही फक्त बंगालचं दुखणं नाही. गडचिरोलीच्या सीमेजवळचं कौडीकसा हे गाव आज छत्तीसगडमध्ये आहे. १९९९ मध्ये ते मध्य प्रदेशच्याच राजनांदगाव जिल्ह्यात होतं. जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने त्या वर्षी तिथल्या पाण्यातलं आर्सेनिक आणि आजारी माणसं ‘करंट सायन्स’मधून जगासमोर आणली. बंगालमध्ये विष येतं नदीच्या गाळातून. कौडीकशात ते डोंगरगढ भागातल्या प्राचीन ज्वालामुखी खडकांतून झिरपलं.

आपल्याकडचा खडक वेगळा आहे. पांढुर्ण्याखाली काळा बेसाल्ट, तर सौसरकडे मँगनीजवाले जुने खडक. भूगर्भशास्त्रात त्यांना नावच ‘सौसर समूह’ असं आहे. त्यामुळे कौडीकशाचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवणं चूक ठरेल, आणि घबराट पसरवणं तर त्याहून वाईट. पण शेजारच्या शेतातला बोअर चांगला निघाला म्हणून आपलाही चांगलाच, हा हिशेब खडकाळ मुलखात चालत नाही. भेगा बदलल्या की पाणी बदलतं.

उशीर किती महाग पडतो हे चिलीच्या अँटोफागास्टा शहराने दाखवून दिलं. १९५८ पासून तिथे आर्सेनिकयुक्त नदीचं पाणी नळाला आलं आणि १९७० मध्ये शुद्धीकरण यंत्रणा बसली. पाणी सुधारलं, तरी फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतरही कित्येक वर्षं चढेच राहिले.

आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळल्याने ते जात नाही; उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, आर्सेनिक नाही. सुरक्षित मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, आणि पाणी त्या मर्यादेत आहे की नाही हे तपासणीशिवाय कळायला मार्ग नाही. गावच्या नेहमीच्या तपासणी पेटीत आर्सेनिकची चाचणी असतेच असं नाही. म्हणून पीएचईच्या (सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या) प्रयोगशाळेत नमुना देताना अर्जावर ‘आर्सेनिक’ हा शब्द स्वतः लिहा, आणि अहवालात त्यापुढे आकडा आहे की नाही ते बघूनच कागद घरी न्या.